पावसाची बातमी आणि आपले मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या दिवशी आपण पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर चार शब्द ऐकतो. यंदा कार्यकारिणीने मला मोबाइलवर येणाऱ्या बातम्या, इंटरनेटचे कायदे आणि हवामान यांवर बोलायला सांगितले. हे कळल्यावर दोघी-तिघींनी मला जिन्यातच अडवून विचारले, "अहो, हा विषय आपल्या बायकांचा आहे का?" त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे काम आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. शास्त्राच्या गोष्टी अधिकारवाणीने सांगण्याची माझी योग्यता नाही. परंतु पावसाचे पाणी माझ्या घरात शिरते, ते उपसायला मीच असते. घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर येणारा बरावाईट निरोप आधी स्वयंपाकघरात वाचला जातो. जी गोष्ट उंबरठा ओलांडून आत आली तिच्याविषयी घरच्या बाईला मत असलेच पाहिजे. आपल्या या कल्याणातच १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. हा विषय बायकांचा नव्हे असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर १८८६ साली डॉक्टरीची पदवी घेऊन दाखवणारी बाई आपल्याला कुठून मिळाली असती?

तेव्हा मत जरूर असावे. पण पीठ मळण्याआधी आपण चाळून घेतो, तशी मत बनवण्याआधी बातमी चाळून घ्यावी, आणि ते चाळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

उदाहरणासाठी मी पाऊसच घेते, कारण तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

२६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरली असेल असे मला वाटत नाही. माझे लग्न नुकतेच झाले होते. गाड्या बंद, फोन बंद. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत घरी आले. सासूबाई रात्रभर देवापाशी बसून होत्या. त्या दिवशी उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटर. एकाच मुंबईत एवढा फरक!

मिलिमीटर म्हटले की आपल्याला काही बोध होत नाही, म्हणून आपल्या हिशेबात सांगते. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. तुमच्या इमारतीची गच्ची दोन हजार चौरस फुटांची असेल, तर ९४४ मिलिमीटर म्हणजे त्या एका गच्चीवर सुमारे पावणेदोन लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात आपण टँकरसाठी भांडतो ना? दहा हजार लिटरचे सतरा टँकर एका दिवसात एका गच्चीवर ओतले, असे समजा.

आता बातमीकडे वळते. त्या पुरानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैला रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत आवई उठली की धरण फुटले, समुद्राची लाट येते आहे. लोक अंधारात अरुंद गल्ल्यांतून पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत अनेकांचे प्राण गेले. त्यांत मुलेही होती. धरण फुटले नव्हते. लाटही आली नव्हती. जे लोक पुरातून वाचले होते, त्यांना एका खोट्या वाक्याने मारले. त्या वेळी व्हॉट्सॲप नव्हते. तोंडातोंडी गेलेल्या निरोपाने हे झाले. आज तोच निरोप क्षणात हजार घरी पोचतो.

तो पोचल्यावर काय होते तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरीब माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. ही माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी आया असतील. आपले लेकरू सांभाळावे, शेजारणीचेही सांभाळावे, या चांगल्या भावनेनेच त्यांनी तो पाठवला असेल. चांगली भावना आणि खरी बातमी या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

मग हे थांबवायचे कोणी? याविषयी तीन मते ऐकू येतात.

पहिले मत असे की, ज्या कंपनीचे यंत्र तिने थांबवावे. कंपनीने काही केलेही. जुलै २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन आले. एप्रिल २०२० पासून, जो निरोप पुष्कळदा फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसते. ही खूण आपण प्रत्येकीने ओळखून ठेवावी. हा निरोप पाठवणारीने स्वतः लिहिलेला नाही, तो अनेक हातांतून आला आहे, एवढेच ती सांगते. खरा की खोटा हे ती सांगत नाही. कंपनीने दाराला कडी लावली, पण दार उघडायचे की नाही हे शेवटी आपल्याच हाती राहिले.

दुसरे मत असे की, कडक कायदा करून सरकारने थांबवावे. हे ऐकायला बरे वाटते, परंतु त्यातला धोका आपल्या जिल्ह्याने पाहिलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या एका तरुण मुलीने मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर आपले मत लिहिले, आणि तिच्या मैत्रिणीने ते पसंत असल्याची नुसती खूण केली. दोघींना अटक झाली. तिचे म्हणणे तुम्हाला पटो वा न पटो, एका पसंतीच्या खुणेसाठी मुलीला पोलीस ठाण्यात नेणे हे कोणत्या आईला रुचेल? दिल्लीच्या श्रेया सिंघल या मुलीने त्या कायद्याच्या ६६-अ या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले.

पुढे २०२३ साली सरकारने नियम केला की सरकारच्या कामाविषयीची कोणती बातमी खोटी, हे सरकारनेच नेमलेला विभाग ठरवील. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरवला. माझे साधे मत असे आहे की, सासूने सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवावीत, सुनेने आपली बाजू सांगावी, पण निवाडा दोघींपैकी एकीनेच करू नये. सरकारने आपले म्हणणे जरूर सांगावे. खरे-खोटे ठरवण्याचा मक्ता मात्र कोणा एकाकडे असू नये.

साध्या माणसाच्या मताला या बाबतीत कोण विचारतो, असेही तुम्ही म्हणाल. त्याचेही एक उदाहरण आहे. २०१५ साली काही ठरावीक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी योजना आपल्या देशात येऊ घातली होती. फुकट म्हटल्यावर कोणाला नको असते? पण रस्ता फुकट आणि तो एकाच दुकानाकडे जाणारा, असा तो प्रकार होता. दूरसंचार नियामकाने लोकांची मते मागवली, तेव्हा दहा लाखांच्या घरात पत्रे गेली. ती काही मंत्र्यांनी किंवा प्राध्यापकांनीच लिहिलेली नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने असा भेदभाव करण्यास मनाई केली. मत मागितले जाते तेव्हा ते दिले, तर त्याचा उपयोग होतो, हे यावरून दिसते.

तिसरे मत माझे आहे, आणि ते असे की, कंपनी आणि कायदा आपापले काम करोत, पण चाळण आपल्या घरी हवी. तीन प्रश्न विचारावेत. हे मुळात कोणी सांगितले? हे कधीचे आणि कुठले आहे? हे कशाने मोजले?

पहिला प्रश्न आजकाल फार महत्त्वाचा झाला आहे, कारण आता यंत्राने माणसाच्या आवाजाची आणि चेहऱ्याचीही नक्कल करता येते. पोलिसाच्या वेषातला माणूस मोबाइलवर दिसतो आणि म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, फोन बंद करू नका, पैसे भरा. भगिनींनो, अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन खाली ठेवावा, घरच्यांना हाक मारावी, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. घरी एकट्या असणाऱ्या आजीबाईंना हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

दुसरा प्रश्न पावसाळ्यात उपयोगी पडतो. मागल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या गटावर एका पुलावरून पाणी वाहत असल्याचे चित्र आले आणि खाली लिहिले होते, आताच पाहा. तळमजल्यावरच्या काकूंनी सामान माळ्यावर चढवायला सुरुवात केली. माझ्या मुलीने चित्र निरखून पाहिले, तर दुकानावरची पाटी दुसऱ्याच भाषेतली होती. चित्र खरे होते, गाव आपले नव्हते.

तिसरा प्रश्न, कशाने मोजले, हा हवामानाच्या शास्त्राचा गाभा आहे. यावर थोडे सविस्तर बोलते.

कोणी म्हणते, हवामान बदलले. कोणी म्हणते, आमच्या लहानपणीही असाच पाऊस होता. दोघेही आठवणीवर बोलतात. एखाद्या दिवशी आमटी खारट झाली म्हणून बाईचा हात बिघडला असे आपण म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे आमटी थोडी थोडी खारट होत गेली तर मिठाचा डबा तपासावा लागतो. एका दिवसाचा पाऊस ही त्या दिवसाची आमटी. अनेक वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. ती आठवणीने कळत नाही, लिहून ठेवलेल्या आकड्यांनीच कळते.

हे आकडे काय सांगतात? अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाई होत्या. १८५६ साली त्यांनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरले, आत उष्णतामापक ठेवले आणि ती उन्हात मांडली. ज्यात कार्बन डायऑक्साइड होता ते नळकांडे अधिक तापले आणि सावलीत आणल्यावर उशिरा निवले. उन्हात लोणच्याच्या बरण्या मांडणाऱ्या आपल्याला हा प्रयोग परका वाटू नये. हा वायू कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत जातो. १९५८ साली हवाई बेटावर त्याचे नियमित मोजमाप सुरू झाले, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला.

हवा तापली की तिच्यात वाफ अधिक मावते, एका अंशाला सुमारे सात टक्के. अधिक वाफ साठली की पाऊस पडताना एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या ज्या पट्ट्यात महाराष्ट्राचाही भाग येतो, तिथे मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे ही मोजमापाची शिस्त लावणाऱ्यांत अण्णा मणी या बाईंचे नाव घ्यावे लागेल. केरळात १९१८ साली जन्मलेल्या या बाई १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात होत्या. पाऊस, वारा, ऊन मोजण्याची यंत्रे परदेशातून न आणता आपल्या देशात बिनचूक कशी बनतील, यासाठी त्या झटल्या. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, हे धान्य मापून घेणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको.

परंतु इथे एक सावधगिरी सांगते. जे जे वाईट होते ते सारे हवामान बदलामुळे, असे म्हणणेही चाळणीतून जाऊ देऊ नये. डोंबिवलीत २०१४ साली हिरवट पाऊस पडल्याची बातमी झाली, २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. त्याला आभाळ जबाबदार नव्हते, ते कारखान्यांतल्या रसायनांचे काम होते. नाल्यात प्लॅस्टिक अडकून पाणी तुंबते, खाडीकाठी भराव टाकून घरे बांधली की पाण्याची जागा जाते. आभाळातून किती पडले हा एक हिशेब, आणि पडलेले वाहून का गेले नाही हा दुसरा. दुसऱ्या हिशेबाचा जाब आपल्याला नगरपालिकेत मागता येतो. सर्व काही हवामानावर ढकलले की जाब देणारे सुटतात.

आता वेधशाळेच्या इशाऱ्याविषयी. आपण हसतो की, लाल इशारा दिला आणि कडक ऊन पडले, मुलांची शाळा मात्र फुकट बुडाली. पण इशारा सबंध ठाणे जिल्ह्यासाठी असतो. जिल्हा मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंत पसरलेला आहे. सांताक्रूझ आणि कुलाब्याची गोष्ट आठवा. मुरबाडला कोसळले आणि डोंबिवलीत ऊन पडले, असे होऊ शकते, आणि वर पडलेले पाणी नदीने आपल्याकडेच येते. रंगांचा अर्थ पाठ करायला सोपा आहे. हिरवा असेल तर चिंता नको. पिवळा, लक्ष ठेवा. नारिंगी, तयारीत राहा. लाल, आता हालचाल करा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे आठ इंचांच्या वर पाऊस पडला, तर हवामान खाते त्याला अत्यंत जोरदार म्हणते.

खोट्या निरोपाचे खरे नुकसान इथे होते. दहा वेळा खोटे 'धरण फुटले' ऐकले की अकराव्या वेळी खरा इशारा आला तरी आपण कूस बदलून झोपतो. आणि खरा निरोप ऐकल्याने काय होते तेही आपल्या शेजारीच घडले आहे. २०१९ च्या जुलैत मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ तारखेच्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत गरोदर बायकाही होत्या. चहूकडे पाणी. रेल्वेने कळवले की गाडी सुरक्षित आहे, उतरू नका, मदत येत आहे. लोक धीर धरून तासन् तास बसून राहिले. आपत्ती दलाचे जवान, नौदलाचे लोक आणि आसपासचे गावकरी आले आणि सर्वांना सुखरूप बाहेर काढले. जुहूला एक निरोप ऐकून लोक धावले आणि मेले. इथे एक निरोप ऐकून लोक बसून राहिले आणि वाचले. निरोप कोणाचा आहे, हे ओळखण्याची किंमत एवढी मोठी आहे.

शेवटी माझी मंडळाला एक सूचना आहे. खर्च जवळजवळ काही नाही. सरळ कडेचा, वरखाली सारख्या रुंदीचा एक डबा आणि मुलांची मोजपट्टी घ्यावी. डबा गच्चीवर मोकळ्या जागी ठेवावा आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला आत किती मिलिमीटर पाणी साठले ते वहीत लिहून डबा रिकामा करावा. हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणीही सकाळी साडेआठलाच होते, तेव्हा आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. ठाण्याच्या, कल्याणच्या आणि डोंबिवलीच्या आपल्या पाच-सहा सभासदांनी हे केले, तरी पुढल्या वर्धापनदिनी आपल्या हाती आपल्या गावाच्या पावसाची वही असेल. नालेसफाईचा अर्ज घेऊन आपण नगरपालिकेत जाऊ, तेव्हा 'खूप पाऊस पडतो हो' असे मोघम न सांगता, अमुक तारखेला इतका पडला आणि आमच्या गल्लीत इतके तास पाणी होते, असे सांगता येईल. त्या वहीचा वरिष्ठांवर काय परिणाम होतो ते आपण पाहूच.

आणि तोवर, दोन बाणांचा निरोप आला तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नये, एवढा नियम आपल्या मंडळाच्या गटापुरता तरी आजच करावा अशी माझी विनंती आहे.